ए.कु.मॅ.

जुन्या सातबाऱ्यावर आजोबांच्या किंवा थोरल्या चुलत्यांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. एकत्र कुटुंब मॅनेजर. महसुली मराठीत याच्याइतकं भांडणं लावणारं लघुरूप मला दुसरं माहीत नाही. जमीन सगळ्या भावंडांची, नाव एकाचं. एक पिढी गेली की मॅनेजर मालक होऊन बसतो.

एकाच नावाची ही सवय समजून घ्यायला इंदापूरला जावं लागतं. १८२७ नंतर प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने पुणे भागात मोजणी करून सारा ठरवला. पण तो सारा रयतेला झेपेना. लोक जमिनी सोडून गेले. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातच नव्याने सुरुवात केली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, जमिनीच्या प्रतीप्रमाणे आकार आणि तीस वर्षं तोच दर.

इथे सरकारला एकच गोष्ट हवी होती : सारा कोण भरणार? त्यासाठी खातेदाराचं एक नाव पुरत होतं. बाकीचे हिस्सेदार, बहिणी, गहाणदार वहीत नसले तरी वसुली अडत नव्हती. म्हणूनच १९०३ मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीसाठी वेगळा कायदा करावा लागला. आजचा गाव नमुना सात (हक्क) आणि सहा (फेरफार) हे त्याच वाटेवरचे. नमुना बारा पिकांचा.

पण वसुलीच्या वहीचा स्वभाव पूर्ण गेला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५७ सांगतं की उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानायची. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालय वारंवार सांगतं की फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. दोन्ही एकत्र वाचा : नाव नाही म्हणून हक्क बुडत नाही, पण तो सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं.

हे ओझं सर्वांत जास्त बहिणींनी वाहिलं. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. वडील त्याआधी वारले असले तरी तो मिळतो, हे २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट झालं. तरी कित्येक सातबाऱ्यांवर त्यांचं नाव ‘इतर हक्क’ रकान्यात आहे, किंवा नाहीच.

म्हणून मोबाईलवर सातबारा उघडलात की फक्त नाव पाहू नका. त्याच्याजवळचा फेरफार क्रमांक टिपा आणि तो जुना फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून मागवा. नाव कधी, कशाच्या आधारे चढलं, नोटीस कोणाला गेली, ते तिथे कळतं. नवीन नोंदीची नोटीस आली तर मुदतीत लेखी हरकत घ्या. नोंद मंजूर झाली तर प्रांताधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील करता येतं. मालकीचाच वाद असेल तर मात्र दिवाणी न्यायालय गाठा. तलाठी तो सोडवू शकत नाही.