सिंगापुरातील नालबंद : एका हस्तविद्येची हकिकत

मराठ्यांच्या घोडदळाचे वर्णन वाचताना हवालदार, जुमलेदार, सुभेदार ही नावे आपल्या ध्यानात राहतात. परंतु त्याच रचनेत नेमलेल्या आणखी दोन माणसांचा सहसा विसर पडतो. सभासद बखरीप्रमाणे शिवछत्रपतींच्या पागेत दर २५ बारगिरांमागे एक पखालजी व एक नालबंद असे. पोटाला पाणी आणि खुराला लोखंड मिळाले नाही तर घोडा चालावयाचा नाही, हे त्या व्यवस्थेने ओळखले होते. पुढे स्वारांस मोहिमेपूर्वी मिळणाऱ्या आगाऊ रकमेलाही 'नालबंदी' हेच नाव पडले. एवढे महत्त्व असूनही नालबंदाचे स्वतःचे नाव मात्र क्वचितच कोणी लिहून ठेवले.

सिंगापुरातही हाच प्रकार घडला. मोटार येण्यापूर्वी हे बंदर जनावरांच्या पायांवर चालत असे. 'क्रेता आयर' या वस्तीच्या नावाचा अर्थच पाणगाडी. तेथून बैलगाड्यांनी शहराला पाणी पुरविले जाई. सेरंगून रस्त्याच्या परिसरात गुरांचा व्यापार चाले व त्याच व्यापाराभोवती हिंदी लोकांची वस्ती वाढली. बफेलो रोड, केरबाऊ रोड ही नावे त्याची साक्ष देतात. साहेबलोक भाड्याच्या घोडागाडीस 'घरी' म्हणत. तो आपल्या 'गाडी' शब्दाचाच अवतार. मोतद्दारीचे काम बावियान बेटावरून आलेल्या व हिंदी लोकांकडे असे. त्यांना 'साईस' म्हणत. पुढे मोटारी आल्या, घोडे गेले, तरी मलायात मोटार हाकणारासही लोक साईसच म्हणत राहिले.

या बेटावर आलेले आपले पूर्वज सर्वच स्वखुशीने आले असे नाही. १८२५ साली बेंकुलेनहून हिंदी कैद्यांची पहिली तुकडी येथे आणण्यात आली. नंतर बंगाल, मद्रास व मुंबई या तिन्ही इलाख्यांतून कैदी येत राहिले. तुरुंगाच्या कारखान्यांत त्यांना लोहारकाम, सुतारकाम, गवंडीकाम शिकविले जाई. सेंट अँड्र्यूज कॅथिड्रल त्यांच्याच हातांनी उभे राहिले. १८७३ साली ही कैदव्यवस्था संपली. मलायातील करारबद्ध मजुरी १९१० पर्यंत चालली. कराराच्या कागदावर माणूस 'मजूर' म्हणून नोंदला जाई. त्याच्या हातात कोणती विद्या आहे, याची चौकशी त्या कागदाला नव्हती.

घोड्यांना येथे कायमचे घर मिळाले ते शर्यतींमुळे. १८४२ साली सिंगापूर स्पोर्टिंग क्लब स्थापन झाला व १८४३ साली पहिली शर्यत धावली. हेच मैदान पुढे फॅरर पार्क म्हणून प्रसिद्ध झाले. नगरपालिकेचे अध्यक्ष रोलंड जॉन फॅरर यांच्यावरून ते नाव पडले. गंमत अशी, की या इंग्रजी आडनावाचे मूळ लोहार व नालबंद यांच्या धंद्यातच आहे! अधिकाऱ्याचे नाव भूमीला चिकटले. त्या भूमीवर धावणाऱ्या घोड्यांना नाल ठोकणारे मात्र अनामिक राहिले. १९३३ साली शर्यती बुकित तिमाह येथे गेल्या व शतकाच्या अखेरीस क्रांजी येथे.

ही विद्या शिकावयाची कशी? प्रथम शिकाऊ मुलाने भाता ओढावा, जागा झाडावी, घोडा धरून उभे राहावे. घोड्याचा कान, डोळा व शेपटी काय सांगतात हे समजल्यावाचून त्याचा पाय उचलू देत नाहीत. नंतर जुना नाल काढणे, वाढलेला खूर तासणे, कानस मारून तो समतल करणे, अशा पायऱ्या येतात. खुराची बाहेरील भिंत नखासारखी निर्जीव असते, परंतु आतील भाग जिवंत असतो. या दोहोंमधील अंतर फार थोडे. खिळा बाहेरच्या बाजूस वळून भिंतीतून निघाला पाहिजे. आत गेला तर घोडा लंगडा झालाच. म्हणून जाणता नालबंद हातोडीचा आवाज ऐकत असतो. खिळा घट्ट भागात जात असता नाद वेगळा, मऊ भागाकडे वळला की वेगळा. खूर वाढतच असल्याने पाच-सहा आठवड्यांनी हे सर्व पुन्हा करावे लागते. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याला दोन पत्र्या लागतात, आणि त्याला दोरांनी पाडून, पाय बांधून त्या ठोकाव्या लागतात. शर्यतीच्या घोड्यास हलका ॲल्युमिनियमचा नाल लागतो.

इंग्लंडात या धंद्याचा संघ १३५६ सालापासूनचा. १६७४ साली त्यास राजाची सनद मिळाली आणि १९७५ च्या कायद्याने नोंदणीवाचून नालबंदी करण्यास मनाई झाली. आपल्याकडे १८६२ साली पुण्यास लष्करी पशुवैद्यकीय शाळा निघाली. तथापि बाजारच्या दिवशी झाडाखाली बसणाऱ्या नालबंदाची शाळा म्हणजे त्याचा बापच. त्याला प्रशस्तिपत्रक नव्हते. त्याने नाल ठोकलेला बैल चढावर घसरला नाही, हेच त्याचे प्रशस्तिपत्रक.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी क्रांजी येथे अखेरची शर्यत धावली व १८० वर्षांहून अधिक काळची परंपरा संपली. जमीन घरबांधणीसारख्या गरजांसाठी सरकारकडे परत जाण्याचे ठरले. लहानशा बेटावर हा निर्णय समजण्याजोगा आहे. पोलो क्लब व घोडेस्वारीच्या शाळा येथे आहेत; तरी गुरूही हवा आणि रोज उचलावयास पायही हवेत, अशी ही विद्या. ती पुस्तकातून शिकता येत नाही. शेकडो घोडे गेले म्हणजे शेकडो धडे गेले.

आपल्या घरांतून आता डॉक्टर, वकील, अभियंते निघत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु आजोबा लोहार होते, मोतद्दार होते, गाडीवान होते, हे सांगताना आपला आवाज खाली येतो काय, याचा विचार प्रत्येकाने करावा. ज्या हातांनी भडकलेल्या जनावराचा पाय मांडीवर घेऊन त्यास इजा न करता लोखंड बसविले, ते हात अडाणी नव्हते. घरात अजून कोणी वृद्ध असतील, तर त्यांना आजच विचारून लिहून ठेवावे. उद्यावर टाकल्यास ते वरातीमागून घोडे ठरेल.