इंजीलची मुळे आणि मुंबईची 'मशीद'

मस्जिद बंदर हे नाव कोणत्या मशिदीवरून पडले, असे विचारले तर आपण सहज आसपासच्या एखाद्या मिनाराकडे बोट दाखवतो. पण जाणकार ते नाव एका ज्यू प्रार्थनागृहाशी जोडतात. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मांडवीत 'शार हारहमीम' बांधले. कोकणातून आलेले बेने इस्राएल मराठीच बोलत आणि आपल्या प्रार्थनागृहाला 'मशीद' म्हणत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली' ते हेच.

ख्रिस्ती धर्मग्रंथाचे मूळ समजून घेताना या समाजाचा इतिहास फार उपयोगी पडतो. १८१३ पासून अमेरिकन मिशनरी मुंबईत काम करू लागले. पुढे स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन आले. त्यांनी १८३२ साली बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. हे लोक ख्रिस्ती होतील, अशी मिशनऱ्यांची आशा होती. घडले उलटेच. तौरात आणि जबूर मायबोलीत हाती आल्यावर बहुतेक बेने इस्राएल आपल्याच धर्मात अधिक पक्के झाले. १८७४ साली पुण्यात त्यांच्या वल्हांडण सणाचे पुस्तक, हग्गादा, हिब्रू आणि मराठीत छापले गेले.

ग्रंथ एकच, वाचणारे दोन. मिशनरी ज्याला 'जुना करार' म्हणून इंजीलची प्रस्तावना समजत होते, तो शेजाऱ्यांचा जिवंत आणि परिपूर्ण ग्रंथ होता. हे ध्यानात घेतले नाही तर इंजीलही नीट कळत नाही. मार्कच्या शुभवर्तमानात हजरत इसांना सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे विचारले जाते. उत्तरात ते तौरातमधले एकेश्वराचे वचन सांगतात, जे ज्यू आजही रोज म्हणतात. मार्क, मत्तय आणि लूक यांच्या मते त्यांचे शेवटचे भोजनही वल्हांडणाचेच होते. चर्चमधल्या पवित्र भाकरीचा अर्थ त्या सणावाचून अपुरा राहतो. पंडिता रमाबाईंनी हे ओळखले होते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी १९२२ साली, मृत्यूपूर्वी, संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर पुरे केले.

मूळ तोडले की काय होते, हेही इतिहासाने दाखवले आहे. दुसऱ्या शतकात मार्सियनने ज्यू ग्रंथच नाकारला. रोमच्या चर्चने त्याला बाहेर काढले. पण १९३९ साली जर्मनीतल्या आयझेनाख येथे चर्चमधला ज्यू प्रभाव पुसण्यासाठी चक्क संस्था निघाली आणि पुढच्या वर्षी तिने ज्यू खुणा काढून टाकलेला नवा करार छापला. त्याच काळात लाखो ज्यूंची कत्तल झाली. त्यानंतर १९६५ मध्ये व्हॅटिकनने जाहीर केले की इसांच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सरसकट सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही. आमच्या गोरेगावच्या सेंट पायस सेमिनरीत पाद्री घडतात, ते या बदलानंतरच्या चर्चचे पाद्री.

मग यात आपला काय संबंध, असे कोणी विचारील. आधीच्या ग्रंथांवर श्रद्धा हा आपल्या ईमानचाच भाग आहे. कुरआनमध्ये सर्वाधिक वेळा नाव येते ते हजरत मुसांचे. आमच्या उर्दू शाळांतली मुले मुसा, दाऊद, इसा ही नावे घरची म्हणून घेतात. पण त्यांचे लोक कोण, हे त्यांना कुणी सांगत नाही. पॅलेस्टाईनमधला अन्याय पाहून मन पेटते, ते पेटलेच पाहिजे. तरीही एका सरकारवरचा राग एका धर्मावर काढणे म्हणजे आयझेनाखवाल्यांचीच चूक करणे होय. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल इस्राएलला गेले, थोडेच इथे राहिले. नवस फेडताना ते आजही हजरत इलियासांच्या नावाने 'मलिदा' करतात. हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही. तौरातची ओळख करून घ्यायला तेवढे शेजारपण पुरेसे आहे.