पवईचे आकाश आणि जुनी विमाने : दर्शन, नोंद व स्थानिक इतिहास

प्रस्तावना

पवईचा परिसर मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या ईशान्येस वसलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला तलाव, त्याभोवतीच्या टेकड्या आणि १९५८ साली स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था ही या परिसराची ओळख होय. येथील रहिवाशांना जेट विमानाचा आवाज इतका परिचित झाला आहे की, तो ऐकून कोणी मान वर करीत नाही. परंतु एक इंजिनाचे जुने विमान संथपणे डोक्यावरून गेले किंवा लांबट फुग्यासारखी वायुनौका अकस्मात दृष्टीस पडली, तर रस्त्याने जाणारा माणूसही थबकतो. 'आज आपण काही वेगळे पाहिले' ही भावना दीर्घकाळ स्मरणात राहते.

अशा अनपेक्षित दर्शनाला इतिहासाचे साधन मानता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी मुंबई आणि तत्कालीन मुंबई इलाख्यातील काही प्रसंगांचा विचार केला आहे. कोठे दर्शनाची कथा आहे पण नोंद नाही, कोठे नोंद आहे पण दर्शन घडलेच नाही, तर कोठे या दोहोंचा मेळ बसतो. या भेदावरूनच पवईसारख्या उपनगराच्या इतिहासलेखनाची दिशा स्पष्ट होते.

कथा आहे, नोंद नाही

मुंबईच्या आकाशाविषयीची सर्वांत प्रसिद्ध कथा शिवकर बापूजी तळपदे यांची होय. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी मानवरहित विमान उडविले व जमलेल्या लोकांनी ते पाहिले, असे सांगितले जाते. राइट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ च्या उड्डाणापूर्वीची ही घटना असल्याने तिला अस्मितेचे वलय प्राप्त झाले. २०१५ साली या कथेवर आधारित हिंदी चित्रपट आला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवरील निबंधामुळे मोठा वाद झाला.

तथापि या उड्डाणाचा निर्णायक समकालीन पुरावा उपलब्ध नाही. तळपदे यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाची चिकित्सा बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ साली केली. हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा असून त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणारी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपदे यांची जिज्ञासा व धडपड यांविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की, शेकडो लोकांनी पाहिले ही सांगोवांगी कितीही वेळा उद्धृत झाली तरी ती साक्ष ठरत नाही. पाहणाऱ्यांपैकी कोणी, कधी, कोठून आणि काय पाहिले हे त्याच काळात लिहून ठेवलेले असावे लागते.

नोंद आहे, दर्शन नाही

याच्या अगदी उलट उदाहरण आर-१०१ या ब्रिटिश वायुनौकेचे आहे. साम्राज्याचे दूरचे प्रदेश वायुनौकांनी जोडण्याची योजना ब्रिटिश सरकारने १९२४ पासून हाती घेतली. त्यासाठी कराची येथे वायुनौका ठेवण्याकरिता प्रचंड शेड उभारण्यात आली. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग असल्याने ही तयारी मुंबई इलाख्यातच चालली होती.

सुमारे २३७ मीटर लांबीची आर-१०१ ४ ऑक्टोबर १९३० रोजी सायंकाळी इंग्लंडमधील कार्डिंग्टन येथून कराचीकडे निघाली. इजिप्तमधील इस्माइलिया येथे तिचा मुक्काम ठरलेला होता. परंतु ५ ऑक्टोबरच्या पहाटे फ्रान्समधील बोव्हे गावाजवळ ती कोसळली आणि तिच्यातील हायड्रोजनने पेट घेतला. तिच्यावरील ५४ जणांपैकी ४८ जण मृत्यू पावले. मृतांमध्ये हवाई खात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन यांचाही समावेश होता. त्यानंतर ब्रिटनने हा कार्यक्रम गुंडाळला. कराचीची शेड मात्र कधीही न आलेल्या पाहुण्याची वाट पाहत अनेक वर्षे उभी राहिली.

कागदपत्रे, आराखडे, छायाचित्रे असे सर्व काही येथे आहे. नाही ते केवळ दर्शन. साधनांची विपुलता म्हणजे लोकानुभव नव्हे, याचे हे उत्तम उदाहरण होय.

नोंद आणि दर्शन यांचा मेळ

जुहू येथे मात्र हे दोन्ही घटक एकत्र आढळतात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ जातीचे विमान उडविले. त्यात सुमारे २५ किलो टपाल होते. अहमदाबाद येथे इंधन घेऊन दुपारी ते जुहूच्या मैदानावर उतरले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेले. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलाने निरुपयोगी होत असे. त्यामुळे त्या काळात ही सेवा पुण्यातील येरवड्याहून चालविली जाई. भारतातील नियमित हवाई वाहतुकीचा पाया येथे घातला गेला.

या उड्डाणाची पुनरावृत्ती टाटा यांनी १९६२ साली आणि पुन्हा १५ ऑक्टोबर १९८२ रोजी केली. दुसऱ्या वेळी त्यांचे वय ७८ होते आणि विमानात ते एकटेच होते. येथे एक तपशील लक्षात घेणे आवश्यक आहे. १९८२ चे विमान पस मॉथ नव्हते, तर १९३३ साली प्रथम उडालेले लेपर्ड मॉथ होते. म्हणजेच १९३२ च्या टपाल उड्डाणाच्या वेळी हा प्रकार अस्तित्वातच नव्हता. जमिनीवरून पाहणाऱ्याला दोन्ही विमाने जवळजवळ सारखीच दिसतात. दोन्हींना वरच्या बाजूस एकेरी पंख आणि एकच इंजिन असते. त्यामुळे प्रत्यक्षदर्शीची आठवण प्रामाणिक असूनही तपशिलात चुकू शकते, आणि ती दुरुस्त करण्यास नोंद उपयोगी पडते.

उलटपक्षी, नोंद जे सांगत नाही ते आठवण सांगते. तरुणांमध्ये नैराश्य वाढत असताना त्यांना उत्साह व आशा मिळावी, हा त्या उड्डाणामागील हेतू टाटा यांनी जुहू येथे बोलून दाखविला होता. तो हेतू कितपत साध्य झाला, हे उड्डाणाच्या नोंदवहीत सापडणार नाही. ते त्या दिवशी वर पाहणाऱ्यांकडेच विचारावे लागेल.

पवई : शोकस्मृती आणि प्रयोग

पवईलगतच्या आकाशाच्या इतिहासात केवळ कौतुकाचे प्रसंग नाहीत. १२ जुलै १९४९ रोजी भर पावसाळ्यात दिल्लीहून सांताक्रूझकडे येणारे के. एल. एम. कंपनीचे कॉन्स्टेलेशन विमान घाटकोपरच्या टेकडीवर आदळले. त्यातील सर्व ४५ जण मरण पावले. इंडोनेशियाचा दौरा करून परतणारा अमेरिकी पत्रकारांचा गट त्यांत होता. आज संग्रहालयांत 'जुने सुंदर विमान' म्हणून पाहिले जाणारे कॉन्स्टेलेशन त्या काळी अत्याधुनिक प्रवासी विमान होते. 'जुनेपणा' हा विमानाचा अंगभूत गुण नसून पाहणाऱ्याच्या काळाशी निगडित आहे, हे यावरून ध्यानी येते.

हाच विचार वायुनौकेलाही लागू पडतो. १९३० ची आर-१०१ आणि ६ मे १९३७ ची हिंडेनबर्ग या दुर्घटनांनंतर वायुनौका कालबाह्य ठरल्याचा सार्वत्रिक समज झाला. परंतु एकविसाव्या शतकाच्या आरंभी पवईच्याच भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. राजकुमार पंत यांच्या पुढाकाराने वायुनौकांच्या अभिकल्पनेचा कार्यक्रम सुरू झाला. रस्ते पोहोचत नाहीत अशा डोंगराळ प्रदेशांत माणसे व माल नेता येईल काय, हा त्यामागील एक प्रश्न होता. त्यातून दूरनियंत्रणाने चालणाऱ्या लहान वायुनौका तयार झाल्या. बिनतारी संदेशवहनासाठी दोराने बांधलेल्या फुग्यांवरही तेथे काम झाले.

या वायुनौकांमध्ये ज्वालाग्राही हायड्रोजनऐवजी हेलियम वापरतात. एक घनमीटर हेलियम सुमारे एक किलो वजन उचलतो. हवा तापली किंवा उंची वाढली की ती विरळ होते व उचलशक्ती घटते. म्हणून उष्ण हवा आणि उंच डोंगर ही भारतीय परिस्थिती अभिकल्पकाची खरी परीक्षा घेते. आर-१०१ च्या अभियंत्यांपुढेही उष्ण प्रदेशातील घटत्या उचलशक्तीचा प्रश्न होताच. जी वायुनौका मुंबई इलाख्यात पोहोचू शकली नाही, तिचे कोडे सुमारे सात दशकांनंतर मुंबईच्याच एका उपनगरात पुन्हा सोडवायला घेतले गेले, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, समकालीन नोंदीवाचून दर्शनाची कथा दंतकथेकडे झुकते. दुसरी, दर्शनावाचून नोंद लोकजीवनापासून तुटलेली राहते. तिसरी, आकाशात दिसणारे 'जुने' यंत्र हे नेहमीच अवशेष नसते. अपूर्ण राहिलेला प्रश्न पुन्हा हाती घेतल्याचेही ते चिन्ह असू शकते.

१९४९ ची दुर्घटना लहानपणी पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या व्यक्ती आज वार्धक्याच्या अखेरच्या टप्प्यात आहेत. १९८२ चे प्रत्यक्षदर्शी मात्र अद्याप मोठ्या संख्येने हयात असणे शक्य आहे. त्यांच्या मुलाखती घेऊन दिनांक, वेळ, पाहण्याचे ठिकाण, दिशा व हवामान हे तपशील नोंदविणे आणि ते वृत्तपत्रे व हवाई नोंदींशी ताडून पाहणे, हे काम उपनगरांतील महाविद्यालयांचे इतिहास विभाग सहज करू शकतात. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. विलंब झाल्यास मात्र पवईच्या आकाशाचा इतिहास केवळ विमानतळाच्या दप्तरात उरेल आणि मान वर करून पाहणाऱ्या माणसाला त्यात स्थान राहणार नाही.