किंगरी: कोंडलेल्या पूर्वजांना सोडवणारं वाद्य

चंद्रपूरच्या जिवती-राजुरा पट्ट्यात गोंडांच्या पेनपूजेला, म्हणजे देवपूजेला, परधान लागतोच. पूजेचे विधी कटोडा करतो. परधान तीन तारांच्या किंगरीवर गज फिरवत त्या कुळाची कथा गातो. चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे अशा गोंडांच्या शाखा आहेत आणि प्रत्येक शाखेची कथा निराळी. आपले मूळपुरुष कोण, देव कुठे भेटले, हे माणसं वर्षानुवर्षं याच सुरांतून ऐकत आली.

किंगरीचं मूळही कथेतच सापडतं. महादेवाने गोंडांच्या पूर्वजांना काचीकोपा लोहगडाच्या गुहेत कोंडलं. गोंडांचा आदिगुरू लिंगो आणि जंगोबाई त्यांच्या सुटकेसाठी झटले. तेव्हा हिरासुकाने किंगरी छेडली, त्या सुरांनी कोंडलेल्यांच्या अंगात बळ आलं आणि त्यांनी दारावरची शिळा लोटली. तिच्याखाली हिरासुकाचा जीव गेला. परधान त्याला आपला आद्यपुरुष मानतात. गोंदिया जिल्ह्यातलं कचारगड हीच ती गुहा, या श्रद्धेने माघी पौर्णिमेला तिथे यात्रा भरते. म्हणूनच किंगरी ऐकणं ही भक्ती आहे.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधानाच्या तोंडची लिंगोकथा टिपून घेतली. 1863 मध्ये ते वारले आणि 1866 मध्ये रिचर्ड टेंपल यांनी ती छापली: गोंडी मजकूर रोमन लिपीत, सोबत इंग्रजी अनुवाद. शब्द टिकले, सूर मात्र कागदावर उतरला नाही. पुढे 1940च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी शेजारच्या आदिलाबादेत परधानांच्या कथा अभ्यासल्या. राजुरा तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. तिथले परधान घरी मराठी बोलत आणि देवांपुढे गोंडीत गात. गोंडांचा हा ठेवा मराठी बोलणाऱ्या घरांनी जपला, हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

कागदावर न उतरलेला सूर आता मोबाइलवरच्या ध्वनिफितींमुळे ऐकू येतो. शहरात शिकणाऱ्या गोंड मुलालाही किंगरी ऐकता येते, ही मोठी गोष्ट आहे. पण ध्वनिफितीला परधान आणि त्याचे यजमान यांचं पिढीजात नातं नसतं. कथेच्या मोबदल्यात यजमान त्याला दान देतो. त्या दानावरच ही विद्या जगली. तेव्हा इंटरनेटवर चित्रफीत चढवताना कथा कोणत्या शाखेची, गाणारा कोण, गाव कोणतं, हे सांगावं आणि गाणाऱ्याचं दान त्याच्या घरी पोचवावं. परधानाचं घर चाललं, तरच पुढच्या पिढीतलं पोर किंगरी हाती घेईल.