मिठाच्या वाटेवरचे घर

लातूर जिल्ह्यातल्या रेणापूरहून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र लागायला दिवस मोडतो. रेणा नदी मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला, आणि ते पाणी पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. पण गावाने समुद्र ओळखला तो पाण्यातून नव्हे, मिठातून. या काळ्या मातीत मिठागर नाही. चुलीवरच्या आमटीत पडणारी चिमूट किनाऱ्यावरूनच यायची, आणि ती आणणारी माणसे आपले घर बरोबर घेऊन चालायची.

या वाटा जुन्या आहेत. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख येतो. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांवर, आणि तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर. धड रस्ते नसलेल्या मुलखातून इथले कापड गाड्यांवर लादून बंदराकडे जाई. एका बाजूचा प्रवास महिन्याचा! एवढ्या दिवसांची भाकरी वाटेतच थापायची म्हटल्यावर गाडीत मालाबरोबर संसारही आला असणार. तेरला सापडलेली आणि तिथल्या लामतुरे संग्रहालयात जपलेली हस्तिदंती बाहुली पाहिली, की या खेड्याचे धागे किती लांबवर पोहोचले होते ते कळते.

मधल्या शतकांत या वाटांवरची मालवाहतूक बंजाऱ्यांच्या हाती आली. मराठवाड्यात त्यांना लमाण म्हणतात, आणि 'लवण' या शब्दातूनच ते नाव आले असे अनेक अभ्यासक मानतात. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून करायचा हा व्यापार म्हणजे 'लदेणी'. किनाऱ्याचे मीठ आत आणायचे, आतले धान्य बाहेर न्यायचे. घाटातल्या पायवाटांवर गाडी चालत नसे. बैल चाले.

पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याला 1632 मध्ये उत्तर भारतात असाच एक तांडा, म्हणजे बंजाऱ्यांचा काफिला, भेटला. त्याने बैल मोजले चौदा हजार. बायका-मुले, भांडीकुंडी, सगळे बरोबर. दिवसाची मजल जेमतेम सहा-सात मैल, तीही उन्हे चढायच्या आत किंवा उतरल्यावर. मुक्कामाला पोहोचले की ओझी उतरवायची आणि बैल चरायला सोडायचे. घाई परवडणारी नव्हती, कारण इंधन वाटेतल्या गवतातच होते.

मुक्कामाची रीतही ठरलेली. पाणी आणि चारा पाहून माळ निवडायचा. उतरवलेल्या गोण्या रचून आडोसा करायचा, त्याच्या आत पाले ठोकायची, राखणीला कुत्री सोडायची. थांबायचे कुठे आणि निघायचे कधी, हे तांड्याचा प्रमुख, म्हणजे नायक, ठरवी. वऱ्हाडातल्या तांड्यांत एक बैल बालाजीला वाहिलेला असे. त्याला 'हटादिया' म्हणत. त्याच्या पाठीवर कधी ओझे नाही; अंगावर लाल रेशमी फिती, गळ्यात घुंगरे आणि कवड्या. पावसाळ्यात वाटा चिखलात बुडाल्या की तांडा एखाद्या कुरणाशी महिनोन्‌महिने स्थिर होई.

सैन्यांनाही या फिरत्या घरांची गरज होती. मोगलांच्या दख्खन मोहिमांना रसद त्यांनी पुरवली, आणि 1803 च्या मराठ्यांविरुद्धच्या युद्धात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची फौजही त्यांच्याच धान्यावर जगली.

मग रूळ आले. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, 1860 मध्ये रूळ सोलापूरला टेकले, आणि 1911 मध्ये अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली. तांड्याला जे अंतर कापायला आठवडे लागत, ते अंतर मिठाचे पोते आता एक-दोन दिवसांत कापू लागले. लदेणी बसली. त्यातच 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, ज्याला ठावठिकाणा नाही तो संशयित, अशी नजर सरकारी दप्तरात पक्की केली. हा कायदा रद्द व्हायला 1952 उजाडले. तोवर बैल विकले गेले होते आणि जिथे पाले ठोकली होती त्याच माळांवर कुडाची घरे उभी राहिली होती. रेणापूर, चाकूर, अहमदपूर भागातल्या वस्त्यांना आजही 'तांडा' म्हणतात. चालणाऱ्या माणसांचे नाव असे थांबलेल्या गावांना चिकटले. वसंतराव नाईक 1963 मध्ये मुख्यमंत्री झाले, तेही बंजारा समाजातले. कितीतरी तांड्यांनी पुढे 'वसंतनगर' हे नाव घेतले.

चालते घर मग नव्या रूपात परतले: 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. झोपायला पलंग, छोटे स्वयंपाकघर, शौचालय, सगळे एका गाडीत. आणि अशा गाड्या उभ्या करायला पाणी-विजेची सोय असलेले कॅराव्हॅन पार्क. कोकण किनारा फिरणाऱ्यांना हॉटेल शोधायला नको. नायक माळ निवडताना पाणी आणि चारा बघायचा. इथे चाऱ्याच्या जागी विजेचा प्लग आला.

रत्नागिरी–नागपूर महामार्ग आता लातूर जिल्ह्यातूनच, औसा आणि चाकूरवरून जातो. समुद्र एका दिवसाच्या टप्प्यात आला आहे. तरी पोटासाठी घर बरोबर घेऊन चालणारी माणसे अजून आहेतच. दिवाळीच्या आसपास रेणापूर तालुक्यातल्या रेणा साखर कारखान्याचे गाळप सुरू होते, तेव्हा ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. बैलगाडीवर ट्रंक, पाण्याची घागर, वर बांधलेली बाज आणि बाजेवर बसलेले पोर. हंगाम संपला की कोप्या मोडतात, आणि ते घर पुन्हा चाकांवर चढते.