खटल्याचं घर आणि गिरणीवाले लेखक

आमचं घर निपाणीत खटल्याचं घर म्हणून ओळखलं जायचं. आजोबा, आजी, चार चुलते, चार चुलत्या, नवरा वारल्यावर माहेरी परतलेली आत्ती आणि आम्ही पोरं. दोन पंगती उठल्याशिवाय बायकांना ताट दिसत नसे. जोंधळ्याचा डबा दोन दिवसांआड गिरणीला जायचा आणि तो नेण्याची पाळी बहुतेक वेळा माझी असायची. डोक्यावर चुंबळ, त्यावर डबा. गिरणीत नंबर लागेपर्यंत भिंतीला टेकून उभं राहायचं. पट्ट्याचा फटफट आवाज, गरम पिठाचा वास, भुवया पांढऱ्या झालेला गिरणीवाला. तो पीठ चिमटीत धरून अंगठ्यानं चोळून बघायचा आणि पाळूतलं अंतर जरासं कमी-जास्त करायचा. टाकी लावलेल्या दगडाचं पीठ कसं उतरतं हे आजीला घरबसल्या कळायचं. भाकरी चिरली की ती म्हणायची, "दगडाला टाकी लावाय झालीया, सांग जा त्याला."

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या गावचे सर्वांत मोठे लेखक गिरणीवाले होते. महादेव मोरे. आमचं दळण दुसऱ्या गिरणीत जायचं, त्यामुळे लहानपणी त्यांची गाठ पडली नाही. पण पिठानं पांढऱ्या झालेल्या माणसाच्या डोक्यात काय चाललेलं असतं, याचा विचार मी पहिल्यांदा केला तो त्यांची पुस्तकं हातात पडल्यावर.

निपाणीचा इतिहास सांगणारे सिद्धोजीराव निंबाळकरांपासून सुरुवात करतात. पेशवाईच्या अखेरच्या काळातले ते मोठे सरदार, 'निपाणकर' या नावाने मराठ्यांच्या इतिहासात ठाऊक असलेले. तो इतिहास खराच. पण निपाणी म्हणून आज जे गाव आहे ते तंबाखूनं उभं केलं. इथल्या काळ्या-तांबड्या रानात विडीचा तंबाखू उतरतो आणि तो जर्दा देशभर विडीच्या कारखान्यांना जात आला. त्यासाठी वखारी झाल्या, वखारींसाठी व्यापारी आले, हमाल आले, बैलगाड्या आणि मग ट्रक आले, ट्रकांसाठी गॅरेजं आली. पुणे-बेंगळूर रस्ता गावाला लागूनच. एका पानानं इतकी माणसं एका जागी आणली.

आमच्या एका घरात या धंद्याची चार टोकं होती. थोरले चुलते, आण्णा, रान बघायचे. पावसाळ्यात रोपं टाकायची, मग लावण, पुढं शेंडे खुडायचे, फुटवे काढायचे. फुटवे राहिले तर पानात ताकद भरत नाही. म्हणून हात चिकट होऊन काळे पडेपर्यंत सगळं घर रानात. माघाच्या सुमाराला कापणी, पान उन्हात वाळवायचं, आणि मग व्यापाऱ्याची वाट बघायची. व्यापारी यायचा, मूठभर पाला उचलून नाकाशी न्यायचा आणि भाव सांगायचा. वर्षभराचा घाम एका वासावर ठरायचा. त्यातून पुन्हा घट, सूट, ओलीचं वजन वजा. आण्णा परत आले की आजी काही विचारत नसे. पाण्याचा तांब्या पुढं करायची.

आत्ती वखारीत जायची. वखारीतलं काम बाहेरच्याला सांगून कळत नाही. मोठी अंधारी खोली, झरोका बारका, वाऱ्यानं माल उडू नये म्हणून. बायका ओळीनं बसून पाला कुटणार, चाळणार, काड्या वेगळ्या करणार. हवेत खकाणा, म्हणजे तंबाखूची बारीक धूळ, इतका की समोरचीचा चेहरा धूसर दिसावा. तोंडाला पदर बांधलेला. नवी बाई पहिल्या दिवशी ओकायची. आत्ती संध्याकाळी घरी आली की न्हाणीत राखेनं हात घासायची, मग साबणानं, मग पुन्हा राखेनं. आणि तरी मला म्हणायची, "तुझी भाकरी तूच मोड बाई. माझ्या हातचा घास कडू लागंल." मी हट्टानं एकदा तिच्या हातचा घास खाल्ला. तो खरंच कडू होता. मी गिळला आणि गोड लागला म्हणाले. तिनं माझ्याकडं बघून डोळ्याला पदर लावला.

तिसरे चुलते टॅक्सी चालवायचे आणि धाकटे काका एका गॅरेजात. म्हणजे आमच्या चुलीपाशी रात्री जे बोलणं व्हायचं त्यात रान होतं, वखार होती, अड्डा होता आणि ग्रीसचा वास होता. पाठ्यपुस्तकात मात्र यातलं काहीच नव्हतं. धड्यातली माणसं वेगळं बोलायची आणि आम्ही वेगळं. आमच्या मराठीत कन्नड मिसळलेली, क्रियापदं कोल्हापूरकडची. शाळेत एकदा निबंधात मी 'खकाणा' लिहिलं तर तो शब्द लाल शाईनं खोडून आला. घरी रोज ऐकलेला शब्द वहीत चूक ठरला, याचं दुःख मला आजही आहे.

मी देवचंद कॉलेजात गेले 1980 साली. हे कॉलेज म्हणजे आमच्या भागाची गोष्ट एका दमात सांगणारं ठिकाण. 1956 च्या 1 नोव्हेंबरला निपाणी म्हैसूर राज्यात गेली. गावातल्या पोरांना मराठीतून उच्च शिक्षण मिळावं म्हणून देवचंद शहा यांच्या पुढाकारानं 1960 साली कॉलेज निघालं, ते गावाला खेटून पण हद्दीपलीकडं, कागल तालुक्यातल्या अर्जुननगरला. आम्ही कर्नाटकातल्या घरून चालत निघायचो आणि महाराष्ट्रातल्या वर्गात बसायचो. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं 1967 मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्यावी असं म्हटलं होतं. ते झालं नाही. घराचा उतारा कन्नडमध्ये आणि पदवीचा कागद शिवाजी विद्यापीठाचा, असं आमचं आयुष्य.

त्या कॉलेजच्या ग्रंथालयात मला महादेव मोरे भेटले, म्हणजे त्यांचं पुस्तक भेटलं. पहिली दोन पानं वाचली आणि मी मान वर करून आजूबाजूला बघितलं, कुणी आपल्या घरात डोकावतंय की काय असं वाटून. आमच्या चुलीपाशी बोलतात तशी माणसं छापलेल्या कागदावर बोलत होती. मोरे यांनी टॅक्सीचा धंदा बघितला होता, गॅरेजमध्ये हात काळे केले होते आणि मग पिठाची गिरणी चालवली. म्हणजे आमच्या घरातल्या दोन चुलत्यांचं जगणं त्यांच्या एकट्याच्या अंगावरून गेलेलं. ड्रायव्हर, मेकॅनिक, हमाल, वखारीतल्या बाया, देवाला सोडलेल्या मुली, पोटासाठी गावोगाव फिरणारी माणसं, ही त्यांची पात्रं. 'एकोणिसावी जात', 'झोंबड', 'चिताक', 'मत्तीर', 'येडचाप' ही नावंच बघा. यातला एकही शब्द बाहेरून उसना आणलेला नाही.

माझं एक मत आहे आणि ते मी ठामपणे मांडते. मराठीत ग्रामीण साहित्याचं कौतुक पुष्कळ झालं, पण त्यातलं गाव बहुतेक वेळा शेताचं आणि पाटलाच्या वाड्याचं. निमशहरी बाजारपेठेच्या कष्टकऱ्यांचं गाव, ज्याच्या अंगाला तंबाखू आणि डिझेल दोन्हींचा वास येतो, ते मोरे यांनी पहिल्यांदा इतक्या आतून लिहिलं. आणि ते पुण्या-मुंबईला न जाता, गिऱ्हाइकाचा डबा उतरवून घेत लिहिलं. गिरणी हे लेखकासाठी मोठं ठाणं आहे. तिथं प्रत्येक घरचं धान्य येतं. कुणाकडं शाळू आहे, कुणाकडं रेशनचा गहू, कुणाच्या डब्यात या आठवड्याला निम्मंच आहे, हे गिरणीवाल्याला सांगावं लागत नाही. सगळं गावच मग त्याचं खटलं होतं.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना गावात मोठं आंदोलन झालं. 1981 च्या 14 मार्चला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं तंबाखूच्या भावासाठी हमरस्ता अडवला. हजारो शेतकरी रस्त्यावरच राहिले, बायकापोरांसकट. आमचे आण्णा चोवीस दिवस घरी झोपले नाहीत. आजी रोज शिळ्या-ताज्या भाकऱ्यांची चवड बांधून पाठवायची आणि गल्लीतल्या प्रत्येक घरातून तशी चवड निघायची. 6 एप्रिलला पोलिसांनी आंदोलन मोडलं. गोळीबारात 12 शेतकरी गेले. आण्णा संध्याकाळी उशिरा आले ते पायात एकच वहाण घेऊन. दुसरी कुठं गेली हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि ती उरलेली एक वहाण आजीनं पुढं कित्येक वर्षं माळ्यावर ठेवली होती.

त्याच सुमाराला वखारीतल्या बायकाही संघटित झाल्या. प्रा. सुभाष जोशी आणि त्यांचे सहकारी यात होते. आत्ती पहिल्यांदा मोर्चाला गेली तेव्हा घरात कुजबूज झाली. आजोबांनी ती एका शब्दात थांबवली. अनिल अवचट यांनी या बायकांवर लिहिलं, छाया दातार यांनी अभ्यास केला. बाहेरच्यांनी येऊन हे केलं याचं ऋण आहेच. त्याआधीही, 1925 साली, डॉ. आंबेडकर निपाणीला बहिष्कृत परिषदेसाठी येऊन गेले होते. माणूस म्हणून उभं राहायचा धडा या गावानं तेव्हापासून गिरवला आहे.

महादेव मोरे 2024 च्या ऑगस्टमध्ये गेले, ऐंशी ओलांडून. आमचं खटलंही आता राहिलेलं नाही. आमच्या रानात तंबाखूच्या जागी ऊस आणि सोयाबीन आहे. भाऊ कोल्हापूरला, एक पुतण्या बेंगळूरला. त्याची मुलगी कन्नड आणि इंग्रजी झरझर वाचते; मराठी अक्षर लावत वाचते. गेल्या दिवाळीत तिला मी 'खकाणा' म्हणजे काय ते सांगायला बसले आणि सांगता सांगता आत्तीचे हात आठवून थांबले. आत्तीला जाऊन अकरा वर्षं झाली. वखारीतल्या चाळणीच्या प्रत्येक आकाराला ती वेगळं नाव सांगायची. मला आज त्यातली दोनच आठवतात.

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, कागल या पट्ट्यात ज्यांच्या घरी महादेव मोरे यांची जुनी पुस्तकं, त्यांच्या कथा असलेले दिवाळी अंक पडून असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. जवळच्या वाचनालयात नेऊन द्यावेत. आणि ज्यांच्या घरी वखारीत बसलेली म्हातारी अजून आहे, त्यांनी आज संध्याकाळीच वही घेऊन तिच्याजवळ बसावं.