बडोद्याचा ग्रंथवारसा

महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली सबंध बडोदे राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. परंतु शाळा सुटल्यावर हाती पुस्तक नसेल, तर शिकलेले अक्षरही विसरले जाते, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९१० साली अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बोर्डेन यांस पाचारण करण्यात आले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या.

याच ग्रंथालयात पुढे आम्ही उमेदीची वर्षे याद्या लिहिण्यात घालविली. आता बडोद्यास गेलो, की सूरसागराच्या काठाने मांडवीकडे पावले आपोआप वळतात. लोखंडी मांडण्या त्याच. खालच्या मजल्यास उजेड मिळावा म्हणून घातलेली काचेची जमीनही तीच. पेट्या भरणाऱ्या व याद्या करणाऱ्या कारकुनांची नावे मात्र कोणत्याही बखरीत नाहीत.

१९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९६० साली बडोदे गुजरात राज्यात गेले. राजघराण्याची मराठी शहराच्या व्यवहारातून ओसरत गेली. ‘येथे आपले काय उरले?’ असे कोणी मराठी बांधव खिन्नपणे विचारतात, तेव्हा आम्ही त्यांस गुजराती ग्रंथांच्या शेजारी नांदणारा मराठी पुस्तकांचा विभाग दाखवितो.